गॅसची टाकी, डोंगरातलं पाणी आणि दोन शेजारी



आज आपण शेजाराबद्दल बोलणार आहोत. पण हा शेजार दोन घरांचा नाही, दोन देशांचा आहे. एक आपला भारत आणि दुसरा हिमालयातला भूतान.

सुरुवात स्वयंपाकघरातून करते. २०१३ सालचा जुलै महिना. भूतानमध्ये निवडणूक तोंडावर आली होती, १३ जुलैला मतदान होतं. आणि महिना सुरू होताच तिथे गॅसची टाकी दुपटीहून महाग झाली. रॉकेलही महागलं. घरोघरच्या बायकांचा महिन्याचा हिशोब एका दिवसात बिघडला. भूतानमध्ये गॅस निघत नाही, रॉकेल निघत नाही. दोन्ही भारतातून जातं. त्यावर भारत सरकार सवलत देत होतं, ती सवलत थांबली होती.

भारताकडून कारण सांगितलं गेलं की सवलतीच्या कराराची मुदत ३० जूनला संपली, नवा करार व्हायचा आहे. कागदावर ते बरोबरच होतं. पण भूतानच्या लोकांना आणखी एक गोष्ट आठवत होती. आदल्या वर्षी त्यांचे पंतप्रधान जिग्मे थिनले ब्राझीलमधल्या एका जागतिक परिषदेत चीनच्या पंतप्रधानांना भेटले होते. ती भेट दिल्लीला आवडली नाही आणि त्याचाच हा धडा आहे, असं तिथे अनेकांना वाटलं. मे अखेरच्या मतदानाच्या पहिल्या फेरीत थिनले यांचा पक्ष पुढे होता. जुलैच्या दुसऱ्या फेरीत मात्र ४७ पैकी १५ जागाच त्यांना मिळाल्या आणि सरकार बदललं. ऑगस्टपासून सवलत पुन्हा सुरू झाली.

आता तुम्ही म्हणाल, ताई, दोन देशांच्या राजकारणाचं आपल्याला काय? मैत्रिणींनो, आपण गटातून कर्ज घेतो, बँकेकडून घेतो, व्यापाऱ्याकडून उचल घेतो. आपल्याहून मोठ्या माणसाशी व्यवहार करताना मान कसा राखायचा, हा प्रश्न आपल्यालाही रोज पडतो. भूतानने हाच प्रश्न गेली दीडशे वर्षं सोडवत आणला आहे. म्हणून ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे.

आधी भूतान केवढा ते बघू. लोकसंख्या आठ लाखांच्या आत. आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आसपास माणसं होती. म्हणजे एका देशात आपल्या एका लहान जिल्ह्याहूनही कमी माणसं. जागा मात्र मोठी, गोव्याच्या दसपट. जवळजवळ सगळा मुलूख डोंगराळ. उत्तरेला तिबेट, म्हणजे आज चीन. बाकी तिन्ही बाजूंना भारत : सिक्कीम, पश्चिम बंगाल, आसाम आणि अरुणाचल प्रदेश.

डोंगर संपून मैदान सुरू होतं त्या पट्ट्याला दुआर म्हणतात. दुआर म्हणजे दारं, भूतानात शिरायच्या वाटा. ही सुपीक जमीन पूर्वी भूतानच्या ताब्यात होती. १८६४-६५ मध्ये इंग्रजांनी लढाई करून ती घेतली आणि सिंचुलाच्या तहात ठरलं की त्या बदल्यात इंग्रज भूतानला वर्षाला ५० हजार रुपये देतील. त्या जमिनीवर पुढे चहाचे मळे उभे राहिले. १९१० मध्ये ही रक्कम १ लाख झाली. पण त्याबरोबर एक अट आली : बाहेरच्या देशांशी व्यवहार करताना भूतानने इंग्रज सरकारच्या सल्ल्याने चालायचं. रक्कम वाढली आणि बंधनही वाढलं. अशी उदाहरणं आपण आपल्या गावातही पाहिली आहेत.

भारत स्वतंत्र झाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी दार्जिलिंगला नवा करार झाला. भारताने वर्षाला ५ लाख रुपये देण्याचं मान्य केलं. दिवाणगिरी भागातली ३२ चौरस मैल जमीन परत केली. दोन्ही देशांत खुला व्यापार राहील असं ठरलं. भूतानच्या घरच्या कारभारात भारत हात घालणार नाही, हेही लिहिलं गेलं. मात्र ती जुनी अट, परराष्ट्र व्यवहारात सल्ल्याने चालायची, ती राहिली. फक्त इंग्रजांच्या जागी भारताचं नाव आलं.

१९५८ च्या सप्टेंबरमध्ये पंडित नेहरू भूतानला गेले. बरोबर इंदिराबाई होत्या. भारतातून भूतानात जायला तेव्हा गाडीरस्ताच नव्हता. म्हणून ते सिक्कीममधून नथू ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून, काही वाट पायी चालून पारो इथे पोचले. एका देशाचा पंतप्रधान शेजारच्या देशात जायला तिसऱ्या देशातून डोंगर चढून जातो, हे आज खरं वाटत नाही. पारोला त्यांनी लोकांना सांगितलं की भूतानने स्वतंत्रच राहावं, आपला मार्ग आपणच निवडावा, अशी भारताची इच्छा आहे.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, तिबेटमध्ये उठाव झाला, चीनने तो मोडला आणि दलाई लामा भारतात आले. घाबरलेल्या भूतानने उत्तरेची वाट बंद केली. शेकडो वर्षं भूतानचा तांदूळ तिबेटात जात होता आणि तिकडून मीठ, लोकर येत होती. तो बाजार संपला. दोन दारांचं घर एका दाराचं झालं, आणि ते दार भारताकडे उघडत होतं.

मग १९६१ मध्ये रस्त्याचं काम सुरू झालं. भारताच्या सीमा रस्ते संघटनेने त्यासाठी ‘दंतक’ नावाचा प्रकल्प उभा केला. सरहद्दीवरच्या फुंटशोलिंगपासून थिंफूपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर. कडे फोडायचे, दरडी काढायच्या, पुन्हा कोसळल्या की पुन्हा काढायच्या. भारतीय आणि भूतानी मजुरांनी हे काम केलं, त्यात अनेकांचे जीव गेले. १९६२ मध्ये रस्ता झाला. ज्या वाटेला खेचरावरून कित्येक दिवस लागत, ती एका दिवसात कापता येऊ लागली. त्याच १९६१ साली भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. सुमारे साडेसतरा कोटी रुपयांची. पहिल्या दोन्ही योजनांचा सगळा पैसा भारताने दिला.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भारताने हे केवळ दयेपोटी केलं नाही. नकाशा उघडून बघा. बंगालमध्ये सिलिगुडीजवळ भारताची जमीन इतकी अरुंद होते की एका ठिकाणी ती जेमतेम २०-२२ किलोमीटर उरते. आसामपासून मिझोरामपर्यंतची सगळी राज्यं त्या चिंचोळ्या पट्टीने आपल्याला जोडलेली आहेत, आणि तिच्या डोक्यावर भूतान आहे. भूतान आपल्या बाजूने असणं ही भारताची गरज आहे. म्हणजे गरज दोघांची होती. फक्त एकाची दिसत होती, दुसऱ्याची दिसत नव्हती.

आता पाण्याकडे येऊ, कारण खरा हिशोब तिथे आहे. भूतानकडे पैसा नव्हता, माल विकायला बंदर नव्हतं. पण डोंगरातून उड्या मारत येणाऱ्या नद्या होत्या. १९७४ मध्ये दोन्ही देशांचा चुखा प्रकल्पाचा करार झाला. वांगछू नदीवर ३३६ मेगावॅटचं वीजकेंद्र. हीच नदी खाली बंगालमध्ये आली की तिला रायडाक म्हणतात. बांधकामाचा सगळा पैसा भारताचा : ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. आणि महत्त्वाची अट पुढे आहे. भूतानने लागेल तेवढी वीज स्वतः वापरायची आणि उरलेली भारताने विकत घ्यायची. १९८६ ते १९८८ या काळात चुखाची यंत्रं एकेक करून सुरू झाली.

आपल्या भाषेत सांगते. समजा गटाने एका बाईला म्हैस घ्यायला पैसे दिले. निम्म्याहून जास्त रक्कम परत करायचीच नाही. आणि दूध विकायला कुठे जायचं ही चिंताही नाही, कारण दूधही गटच घेणार. अशी बाई हप्ता चुकवेल का? भूतानने चुखाचं कर्ज फेडलं. सुरुवातीला विजेला युनिटमागे काही पैसेच मिळत. भूतान दर वाढवून मागत राहिला आणि वेळोवेळी तो वाढतही गेला. हे मुद्दाम सांगते, कारण दूध गटच घेणार म्हणून मिळेल त्या भावात देत राहायचं, असं त्यांनी केलं नाही.

त्यानंतर कुरिछू झालं, १०२० मेगावॅटचं ताला झालं, २०१९ मध्ये ७२० मेगावॅटचं मांगदेछू झालं. मांगदेछूच्या विजेला युनिटला ४ रुपये १२ पैसे दर ठरला. या पैशातून भूतानमध्ये शाळा चालतात, दवाखाने चालतात, आणि उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. आज तिथल्या जवळपास सगळ्या घरांत वीज आहे. खेड्यातल्या घरांना महिन्याला १०० युनिट मोफत मिळतात. भात विजेच्या कुकरमध्ये शिजतो. डोंगर चढून लाकडाची मोळी आणायचे बाईचे कष्ट काही प्रमाणात तरी कमी झाले, ते या पाण्यामुळे.

मग अडचण कुठे आली?

पहिली अडचण ऋतूची. हिवाळ्यात नद्या आटतात, वीज कमी बनते. पावसाळ्यात वीज विकणारा भूतान हिवाळ्यात भारताकडून वीज विकत घेतो.

दुसरी अडचण कर्जाच्या अटींची. चुखाला ६० टक्के अनुदान होतं. पुढच्या मोठ्या प्रकल्पांत हे उलटं होत गेलं. पुनात्सांगछू-१ ला ४० टक्के अनुदान आणि ६० टक्के कर्ज, मांगदेछूला ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज, व्याज १० टक्के. त्यात पुनात्सांगछू-१ चं नशीबच वाईट. १२०० मेगावॅटचं हे काम २००८ मध्ये सुरू झालं. २०१३ मध्ये धरणाच्या जागी उजव्या बाजूचा डोंगर सरकू लागला. साडेतीन हजार कोटींचा अंदाज नऊ हजार कोटींच्या वर गेला आणि काम वर्षानुवर्षं रेंगाळलं. म्हैस गोठ्यात आलीच नाही, पण वहीत कर्ज चढत राहिलं. आज भूतानवरचं एकूण कर्ज देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नापेक्षा जास्त आहे आणि त्यातला मोठा वाटा या वीजप्रकल्पांचा आहे.

तिसरी अडचण रुपयाची. भूतानचं चलन आहे न्गुलट्रम. ते १९७४ मध्ये सुरू झालं आणि आपल्या रुपयाशी बरोबरीने बांधलेलं आहे, १ न्गुलट्रम म्हणजे १ रुपया. भूतानचा बहुतेक व्यापार भारताशी. तांदूळ, तेल, डाळी, पेट्रोल, सिमेंट, गाड्या, सगळं रुपये मोजून आणायचं. न्गुलट्रम ते स्वतः छापू शकतात, रुपया छापू शकत नाहीत. धरणांची कामं जोरात असताना भारतातून रुपये आले खरे. पण यंत्रं भारतातून, मजूर भारतातून, त्यामुळे ते आल्या वाटेने परत गेले. त्यात लोकांनी बँकेचं कर्ज काढून गाड्या घेतल्या, इमारती बांधल्या. २०१२ च्या सुमारास रुपये इतके कमी पडले की भूतानला साठवलेले डॉलर विकून रुपये घ्यावे लागले आणि गाडी-घरासाठीची कर्जं थांबवावी लागली. कमाई भरपूर दिसते पण हातात काही राहत नाही, ही गोष्ट घर चालवणाऱ्या बाईला समजावून सांगायला नको.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी ती गॅसच्या टाकीची गोष्ट घडली. आता ती पुन्हा आठवा. मागे केवढा हिशोब होता ते लक्षात येईल.

पण मैत्रिणींनो, भूतान नुसता घेत राहिला आणि सोसत राहिला, असं समजू नका. या शेजाऱ्याने तीन गोष्टी केल्या.

एक, त्याने आपला शब्द पाळला. आसाम-बंगालमधल्या सशस्त्र संघटनांनी भूतानच्या जंगलात तळ ठोकले होते. २००३ च्या डिसेंबरमध्ये भूतानने आपलं छोटंसं सैन्य पाठवून ते तळ उठवले.

दोन, त्याने कागद बदलून घेतला. ८ फेब्रुवारी २००७ रोजी दिल्लीत नव्या करारावर सह्या झाल्या. १९१० पासून चालत आलेली ‘सल्ल्याने चालायची’ अट निघाली. त्या जागी दोन्ही देश आपल्या राष्ट्रीय हिताच्या बाबतीत एकमेकांशी सहकार्य करतील, असं आलं. एक देश सांगणारा आणि दुसरा ऐकणारा, हे कागदावरून पुसलं गेलं. त्यासाठी ९७ वर्षं लागली. भांडण न करता, दार न आपटता लागली. पण अट निघाली. पुढे २०१७ मध्ये डोकलामला चीनने रस्ता बांधायला घेतला तेव्हा भूतानने निषेध केला आणि भारतीय सैन्य सत्तर दिवसांहून जास्त काळ तिथे उभं राहिलं. भूतान चीनशी सरहद्दीबद्दल १९८४ पासून बोलणी करतो आहे, पण त्याने अजून तिथे वकिलात उघडलेली नाही. कोणाशी किती बोलायचं, हे तो तोलून-मापून ठरवतो.

तीन, जिथे नाही म्हणायचं तिथे तो नाही म्हणाला. भूतानी जेवणात मिरची म्हणजे तोंडी लावणं नव्हे, तीच भाजी. मिरची आणि चीज घालून केलेलं एमा दात्शी तिथे रोज लागतं. ही मिरची भारतातून येत होती. २०१६ मध्ये तपासणीत कीटकनाशकाचे अंश सापडले, तेव्हा भूतानने भारतातून येणारी मिरची, फ्लॉवर आणि श्रावणघेवडा बंद केला आणि हिवाळ्यात मिरची घरीच पिकवायच्या मागे लागला. भारतीय पर्यटकांना पूर्वी तिथे शुल्क नव्हतं. आता रात्रीला १,२०० रुपये द्यावे लागतात.

शेवटी लसीची आठवण सांगते, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा हात आहे. कोविडच्या काळात २० जानेवारी २०२१ रोजी भारताने लसीची पहिली भेट ज्या देशांना पाठवली, त्यात भूतान होता. पुण्यात बनलेल्या कोविशील्डचे दीड लाख डोस मुंबईहून विमानाने गेले, पुढे आणखी ४ लाख गेले. भूतानने लगेच टोचायला सुरुवात केली नाही. धर्मगुरूंना विचारून शुभ दिवस निवडला आणि २७ मार्चला पहिली सुई माकड-वर्षात जन्मलेल्या एका तीस वर्षांच्या बाईला दिली. दोन-अडीच आठवड्यांत बहुतेक सगळ्या प्रौढांना पहिला डोस मिळाला. जगाने कौतुक केलं. पण तोवर भारतातच दुसरी लाट उसळली. इथेच लस पुरेना, म्हणून बाहेर जाणारी लस थांबली. भूतानने मग जगाची दारं ठोठावली. जुलैमध्ये अमेरिकेकडून, डेन्मार्ककडून आणि इतरांकडून लस आली आणि दुसरा डोस पूर्ण झाला. यात भारताने दगा दिला असं नाही. आपल्या घरात आग लागली की शेजाऱ्याला पाणी देता येत नाही. पण म्हणूनच शेजारी कितीही चांगला असला तरी दुसऱ्या दाराची किल्ली घरात असावी.

आज हे नातं चालूच आहे. २०२४ मध्ये भारताने भूतानच्या तेराव्या योजनेसाठी १० हजार कोटी रुपये जाहीर केले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोक्राझार ते गेलेफू आणि बनारहाट ते साम्त्से असे दोन रेल्वेमार्ग ठरले. भूतानमध्ये जाणारी ही पहिलीच रेल्वे असेल. नोव्हेंबर २०२५ मध्ये १०२० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-२ चं उद्घाटन झालं.

मला विचाराल तर हे नातं इतकी वर्षं टिकलं ते फक्त प्रेमामुळे नाही, आणि एकाच्या जोरामुळेही नाही. १८६५, १९१०, १९४९, २००७ : दर वेळी अटी पुन्हा लिहिल्या गेल्या. विजेचा दर पुन्हा ठरला. जिथे मुदत संपेपर्यंत नव्या अटी लिहिल्या गेल्या नाहीत, तिथे टाकी महागली.

आपल्या गटाच्या कपाटातही असे कागद असतील. बँकेच्या कर्जाचा कागद, दूध संकलन केंद्राशी झालेलं बोलणं, व्यापाऱ्याशी ठरलेला भाव. पुढच्या बैठकीत एकदा ते बाहेर काढा. मुदत कधी संपते ते मोठ्याने वाचा. माल घेणारा आणि कर्ज देणारा एकच आहे का, ते बघा. एक असला तरी हरकत नाही, पण दुसरं गिऱ्हाईक कोण होऊ शकतं, याची चौकशी करून ठेवा. आणि एखादी अट जुनी झाली असेल, बोचत असेल, तर ती बदलण्याचा ठराव लिहा. भांडायची गरज नाही. भूतानसारखं शांतपणे, पण मागत राहायचं.